संगमरवरातली स्त्रीशक्ती: हातात काय द्यायचं, त्याआधी ती उभी कशी राहील ते ठरवा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कोल्हापुरातल्या तुमच्या महिला संस्थेच्या आवारात साधारण साडेपाच फुटी संगमरवरी शिल्प बसवायचं आहे. ते कुणा एका व्यक्तीचं नको, ‘स्त्रीशक्ती’ या कल्पनेचं हवं. समितीत दोन गट पडलेत. एका गटाला तलवार उगारलेली रणरागिणी हवी आहे, दुसऱ्याला हातातले साखळदंड तोडणारी स्त्री. शिवाय दगड कुठला घ्यावा, उघड्यावर टिकेल का, आणि फोटो पाठवला की मशीनवर कोरून मिळतं ते घ्यावं का, हेही तुम्ही विचारलंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तलवार आणि साखळदंड, दोन्ही बाजूला ठेवा. शक्ती हातातल्या वस्तूत दाखवायला गेलात की संगमरवर अडून बसतो. ती बाईच्या उभं राहण्यात दाखवलीत तर तोच दगड साथ देतो. असं का, ते सविस्तर लिहितो, कारण समितीपुढे तुम्हाला हे पटवून द्यावं लागणार आहे.

संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्साइट नावाचं खनिज. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडापेक्षा खूपच मऊ. कठीणपणाच्या मोजपट्टीवर तो ३ च्या आसपास, बेसाल्ट ६ च्या आसपास. म्हणूनच त्यात पापणीची कड, नखाचा कंगोरा, साडीच्या काठाची जाडी निगुतीने काढता येते. पण हा दगड दाबाला भक्कम आणि ताणाला कच्चा. वरून भार टाका, मुकाट सोसतो. आडवा बाहेर काढा, की स्वतःच्याच वजनाने तडकायला बघतो. एका घनफुटाचं वजन साधारण ७६ किलो. खांद्यातून बाहेर काढलेला पूर्ण मापाचा हात एकटाच आठ-दहा किलोचा भरतो आणि तो सगळा भार खांद्यापाशी एका छेदावर येतो. त्याच्या टोकाला तलवार दिली की धोका आणखी वाढला. ट्रकमधून उतरवताना, मंडपवाल्याचा बांबू लागून, नाहीतर एखादं पोर लोंबकळून, कधीतरी तो हात जातोच. मग चिकटवलेल्या हाताची रणरागिणी वर्षानुवर्षं बघत बसायची.

घोटा ही दुसरी नाजूक जागा. मायकेलअँजेलोचा डेव्हिड हा संगमरवरी पुतळा पाच मीटरहून उंच आणि पाच टनांहून जड. त्याच्या डाव्या घोट्यात आणि पायामागच्या झाडाच्या बुंध्यात बारीक तडे आढळलेत. तो बुंधा मुळात पायांना आधार म्हणूनच ठेवलेला. जुन्या रोमन संगमरवरी पुतळ्यांच्या पायाशी जे खोड किंवा घडा दिसतो, त्यामागेही बहुतेक वेळा हेच कारण असतं. म्हणजे उभा पुतळा ठरवतानाच खालचा आधार ठरवायला हवा, आणि तो आधार विषयात मुरलेला हवा. याकडे पुन्हा येतो.

‘मग कावळा नाक्यावरच्या ताराराणींचं काय?’ असं समितीत कुणीतरी म्हणणारच. रवींद्र मेस्त्रींचं ते काम आपल्या शहराचा अभिमान आहे. घोडा मागच्या पायांवर उभा आणि वर राणी. पण ते ब्राँझ आहे. ओतीव काम आतून पोकळ असतं, धातूला ताण सोसतो, आत सांगाडा देता येतो. तोच घोडा संगमरवरात करायचा तर पोटाखाली दगडाचा खांब सोडावा लागेल. शिवाय तो पुतळा ताराराणींचा आहे. १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर औरंगजेबाच्या फौजांशी तो मरेपर्यंत, म्हणजे १७०७ पर्यंत, लढा चालवणाऱ्या राणीचा. तिथे शस्त्रामागे इतिहास उभा आहे. तुमचं शिल्प कुणा एकीचं नाही. त्याच्या हातात नुसती तलवार दिलीत तर येणारा-जाणारा ‘ही कुठली राणी?’ एवढंच विचारेल, आणि नाव नाही म्हटल्यावर पुढे जाईल.

आता दुसरं उदाहरण, तेही आपल्याच गावातलं. अंबाबाईची मूर्ती रोजच्या पोशाखात नि दागिन्यांत झाकलेली असते, त्यामुळे तिची मूळ ठेवण पुष्कळांच्या लक्षात येत नाही. काळ्या पाषाणाची उभी मूर्ती, चार हात. उजव्या खालच्या हातात म्हाळुंग, वरच्या उजव्यात गदा, वरच्या डाव्यात खेटक म्हणजे ढाल, खालच्या डाव्यात पानपात्र. मागे सिंह. यातली गदा बघा. ती उगारलेली नाही, तिचं टोक जमिनीला टेकलेलं आहे. जिला आपल्या बळाची खात्री आहे तिला गदा उचलून दाखवावी लागत नाही. आणि कारागिराच्या नजरेने बघितलं तर टेकलेली गदा मूळ दगडाला धरून राहते, तिला तुटायला वावच नाही. अर्थ आणि बांधणी हे दोन प्रश्न त्या मूर्तिकाराने एकाच निर्णयात सोडवलेत. कोल्हापुरात बसून स्त्रीशक्तीचं शिल्प करायचं तर पहिला धडा इथे घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. मूर्तीची नक्कल करू नये. तिथे जो विचार केलाय तो घ्यावा.

संगमरवरात हाच विचार सगळ्यात उंचीवर नेलेली दोन कामं ग्रीसची आहेत. पहिलं, अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरचं एरेक्थिऑन हे देऊळ. तिथल्या देवडीचं छत खांबांऐवजी सहा स्त्रियांनी डोक्यावर पेललंय. काम इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरचं, पेंटेली डोंगराच्या संगमरवरातलं, एकेक मूर्ती सव्वादोन मीटरहून उंच. मूळ सहापैकी पाच आज अथेन्सच्या संग्रहालयात आहेत आणि एक लंडनला. दगडी छताचा भार मानेवर येणार, आणि बाईची मान बारीक. मग शिल्पकाराने काय केलं? तिच्या जाड वेण्या मानेमागून पाठीवर सोडल्या. समोरून मान सडपातळ दिसते, मागून तिला दगडाची भरभक्कम जोड मिळते. आता पाय बघा. ज्या पायावर भार आहे त्या बाजूला वस्त्राच्या चुण्या सरळ उभ्या, खांबाच्या खाचांसारख्या. दुसरा पाय मोकळा, त्याचा गुडघा कापडातून पुढे आलेला. एवढं छत डोक्यावर असून चेहऱ्यावर ताण नाही, खांदे वर चढलेले नाहीत. हात आज तुटलेले आहेत, तरी एकीकडेही ‘दुबळी’ म्हणून बघवत नाही.

दुसरं, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली सॅमोथ्रेस बेटावरची विजयदेवता. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीची मानतात, १८६३ साली त्या बेटावर सापडली. मूर्ती पॅरोस बेटाच्या पांढऱ्या संगमरवराची, पायाखालची नौका ऱ्होड्सच्या करड्या दगडाची. डोकं नाही, हात नाहीत. उरलंय ते धड, पाय आणि पंख. तरी समोर उभं राहिलं की वारा तिच्या अंगावर आदळतोय आणि ती हटत नाही, हे कळायला क्षण लागत नाही. मला त्यात सगळ्यात मोठं वाटतं ते पंखांचं काम. ते वेगळ्या दगडाचे आहेत, पाठीत उतरत्या खाचा करून असे बसवलेत की स्वतःच्या वजनानेच आत रुतून राहतात, बाहेरून टेकू नाही. उजवा पंख मात्र आज प्लॅस्टरचा आहे, डाव्यावरून उलटा करून बनवलेला. दगड अधांतरी काढणं अशक्य आहे असं मी म्हणत नाही, हे त्यावरून कळेल. पण तिथे शिल्पकाराला भाराचा हिशोब पक्का माहीत होता. फोटोवरून तलवारवाली बाई कोरणाऱ्याकडून तो हिशोब मिळत नाही.

शक्ती ही कल्पना स्त्रीच्या रूपात दाखवायची रीत युरोपात जुनी आहे. धैर्य, न्याय, संयम, विवेक या गुणांच्या स्त्रीमूर्ती चर्चमध्ये आणि थडग्यांवर शेकड्यांनी सापडतात. धैर्याची म्हणजे बळाची मूर्ती ओळखायची खूण ठरलेली: जवळ खांब, सिंह किंवा अंगात चिलखत. गंमत अशी की इटलीतल्या पिसाच्या बाप्तिस्मागृहातल्या संगमरवरी व्यासपीठावर शिल्पकार निकोला पिसानोने १२६० मध्ये हाच गुण कोरला तेव्हा त्याने सरळ हर्क्युलिसच्या घाटाचा नग्न पुरुष उभा केला, खांद्यावर सिंहाचा छावा घेऊन. काम अप्रतिम आहे. पण बळाचा विषय निघाला की शिल्पकाराचा हात पुरुषी शरीराकडे वळतो, ही सवय तिथे उघडी दिसते. पुढे चिलखत घातलेल्या स्त्रिया आल्या, त्यातही बळ बाहेरून चढवलेलं. आपल्याकडच्या रणरागिणीच्या बहुतेक पुतळ्यांत हेच होतं. अंगकाठी सिनेमातल्या नायिकेची, आणि शक्ती दाखवायची म्हणून वर ढाल-तलवार. हात झाकून बघा, शिल्पात शक्ती उरते का? ही परीक्षा कुठल्याही नमुन्याला लावा. लूव्रमधली मूर्ती हात नसून पास होते.

आपल्या काळातलं एक काम याच परीक्षेतून जातं. २००५ साली लंडनच्या ट्रफाल्गर चौकात मार्क क्विनचं अ‍ॅलिसन लॅपर या चित्रकर्तीचं संगमरवरी शिल्प बसवलं होतं, साडेतीन मीटरहून उंच. जन्मतः हात नसलेली, गरोदर स्त्री, ताठ बसलेली. चौकातल्या सेनापतींच्या पुतळ्यांमध्ये ती दोन वर्षं होती. तिच्यावर लंडनमध्ये वाद झाले, पण तिच्या बसण्यातलं बळ नाकारणं कठीण आहे.

साखळदंडांबद्दल वेगळं लिहितो, कारण ती मागणी तळमळीतून आलेली आहे आणि ती मी हलकी मानत नाही. तांत्रिक अडचण तर आहेच: सुट्या कड्यांची साखळी संगमरवरात म्हणजे अतिशय नाजूक काम, पहिल्या धक्क्याला जाणारं. पण त्याहून मोठी अडचण अर्थाची. साखळी कोरली की बघणाऱ्याची नजर आधी साखळीवर जाते. शिल्पाचा विषय बंधन होतो आणि बाई त्याला दिलेलं उत्तर म्हणून उरते. तुमच्या संस्थेतल्या ज्या मुली रोज त्या शिल्पासमोरून जाणार, त्यांना दररोज बेड्यांची आठवण द्यायची की पाय रोवून उभ्या असलेल्या बाईची, हे समितीने एकदा शांतपणे ठरवावं.

मग दाखवायचं काय? यासाठी मी तुम्हाला पुस्तकांऐवजी पंचगंगेकाठच्या एखाद्या मळ्यात जायला सांगेन. वैरणीचा भारा डोक्यावर घेणारी बाई बघा. आधी ती पदर कमरेला खोचते. चुंबळ नीट वळून डोक्यावर बसवते. दुसरी बाई भारा उचलायला हात लावते आणि ही गुडघ्यात किंचित वाकून खाली सरकते. भारा डोक्यावर टेकला की एक क्षण ती हलत नाही. तेवढ्यात तिच्या शरीरात काय काय होतं ते बघा. टाच जमिनीत बसते, अंगठा माती पकडतो. पोटरी भरून येते. कंबर एका बाजूला गेलेली असते ती मधोमध येते. खांद्याची पाती खाली उतरतात आणि मान लांब होते. मग गुडघे सरळ होतात. हात भाऱ्याला नुसता लागलेला असतो, त्यात जोर नसतो. सगळा जोर टाचेपासून मानेपर्यंतच्या एका रेषेत. अथेन्सच्या त्या सहाजणींच्या अंगात हीच रेषा आहे.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, ओझं वाहणारी बाई म्हणजे शक्ती कशी? ते तर तिच्यावर लादलेलं आहे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणून मी भारा कोरा असं म्हणत नाही. भारा काढून टाका, रेषा ठेवा.

माझी सूचना अशी. चाळिशीतली स्त्री, नऊवारी, पदर कमरेभोवती घेऊन खोचलेला. डावा हात अजून त्या खोचलेल्या पदरापाशी, कमरेवर. उजवा तळवा शेजारच्या कमरेएवढ्या, अर्धवट घडलेल्या दगडावर टेकलेला. भार डाव्या पायावर, उजवा पाय अर्धं पाऊल पुढे, गुडघा साडीतून जाणवणारा. पदर खोचून उभी राहिलेली बाई म्हटल्यावर आपल्याकडे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही की आता ही कामाला लागणार, किंवा आता ही कुणाचं ऐकणार नाही. दोन्ही अर्थ तुमच्या कामाचे आहेत. दोन्ही हात शरीराजवळ राहतात, त्यामुळे तुटण्याचा धोका जवळपास संपतो. कोपर आणि कमर यांच्यामधली जागा आरपार मोकळी करू नका, आत खोल सावली पडेल इतकीच पोखरा.

आणि तो अर्धवट दगड म्हणजेच मघाशी म्हटलेला खालचा आधार. काम करणाऱ्या बाईची नऊवारी घोट्याच्या वर असते, म्हणजे पोटऱ्या आणि घोटे उघडे. ते एकटे साडेपाच फुटांचा भार घेणार नाहीत. शेजारचा दगड तिच्या पायाला मागून जोडलेला ठेवा, दोन पायांमधला दगडही पूर्ण काढू नका. रोमन शिल्पकार जिथे झाडाचा बुंधा ठेवत, तिथे तुमच्याकडे तिने स्वतः घडवायला घेतलेला दगड असेल. अमेरिकेच्या संसदभवनात स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटलेल्या तिघींचं अ‍ॅडलेड जॉन्सनने केलेलं संगमरवरी शिल्प आहे, १९२१ साली तिथे ठेवलेलं. तिघी एकाच ओबडधोबड दगडातून वर आलेल्या आणि मागचा दगड तसाच अनघड. काम पुढे चालू राहायचं आहे हे त्यातून बघणाऱ्यापर्यंत पोचतं. अनघड भाग ठेवायला समिती बिचकली तर हा दाखला सांगा.

नऊवारी मी केवळ आपली म्हणून सुचवत नाही. काष्ट्यामुळे दोन पाय वेगळे दिसतात, कुठल्या पायावर भार आहे ते कळतं. पाचवारीत ते झाकलं जातं. साडीतून शरीर कसं बोलतं हे बघायचं तर गणपतराव म्हात्र्यांची ‘मंदिरपथगामिनी’ बघावी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी असताना १८९६ च्या सुमारास प्लॅस्टरमध्ये केलेली. तिचा विषय निराळा, भाव कोवळा, पण वस्त्राच्या खाली शरीर आहे याची खात्री तिच्या एकेका चुणीत आहे.

अंगकाठीविषयी हट्ट धरा. सिंहकटी आणि बारीक मनगट नको. कोल्हापुरात तालमीत मुली घुमतायत, त्यांची पाठ बघा. मानेपासून खांद्यापर्यंतचा उतार, पात्यांमधली खोल घळ, कमरेच्या वरचे दोन उभे पट्टे. यात पुरुषी काही नाही, ती कमावलेल्या बाईची पाठ आहे. शिल्पकाराने अशा एखाद्या खेळाडूला समोर उभं करून मातीकाम करावं. आणि नमुना बघायला जाल तेव्हा आधी मागे जाऊन उभ्या राहा. शक्ती पाठीत नसेल तर ती समोरही नसते. तळवे आणि बोटं थोडी मोठी चालतील. चेहरा ओळखीच्या कुणाचा नको, पण कोरा सुबकही नको. नजर आभाळाकडे लावू नका, समोर, माणसाच्या उंचीवर असू द्या. त्यासाठी चौथरा दोन फुटांहून उंच करू नका, नाहीतर बघणाऱ्याला तिची हनुवटीच दिसेल.

आता उजेडाबद्दल. इथे आपल्याकडचे पुष्कळ चांगले कारागीर अडखळतात, कारण हात काळ्या दगडावर बसलेला असतो. काळ्या पाषाणात उजेड आकार दाखवतो, कडेवर चमक पडते आणि बाकीचं अंधारात जातं. खिद्रापूरच्या कोपेश्वरावरच्या मूर्ती त्यामुळेच सकाळ-संध्याकाळी जिवंत होतात. संगमरवरात उलट, सावली आकार दाखवते. एप्रिलच्या दुपारी पांढऱ्या दगडावर उथळ कोरीवकाम पूर्ण पुसलं जातं, नाक-डोळे सपाट दिसतात. म्हणून चुण्या खोल हव्यात, पापणीखाली, ओठांच्या कडेला, पदराखाली खोल काप हवा. संगमरवरात उजेड किंचित आत शिरतो, त्यामुळे त्वचा मऊ भासते. ती चकचकीत पॉलिश केली की तो गुण जातो, नुसती झळाळी उरते. त्वचा बारीक पेपरने घासून तुकतुकीत ठेवा, आरशासारखी नको. साडीवर दातेरी छिन्नीच्या रेघा राहू द्या, शेजारच्या दगडावर टाकीचे घाव तसेच. एकाच दगडात तीन पोत आले की रंगाची उणीव भासत नाही.

दगड राजस्थानातला मकराना घ्यावा. ताजमहाल आणि कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल त्याचंच. हल्ली जयपूरच्या मूर्तिकारांकडे व्हिएतनामचा पांढराशुभ्र दगडही येतो. दिसायला तो नितळ असतो, पण माझी पसंती मकरान्यालाच. थोडी राखाडी छटा असली तरी चालेल, ती चेहऱ्यावर आणि आडवी मानेवर किंवा घोट्यावर येता कामा नये. सहा फूट बाय अडीच बाय दोनचा ठोकळा म्हणजे ३० घनफूट, सव्वादोन टनांहून जास्त वजन. वाहतूक, क्रेन, दारापासून जागेपर्यंतचा रस्ता, सगळं त्या हिशोबाने बघा. ठोकळा कोरडा बघून पसंत करू नका. त्याच्यावर पाणी ओतायला लावा आणि सुकताना बघत थांबा. जिथे चीर असते तिथे पाणी मुरतं आणि बाकीचा दगड वाळला तरी ती रेघ ओली राहते. मग हातोडीने ठिकठिकाणी हलके ठोके मारा. सलग दगड खणखणीत वाजतो, आत फट असेल तर बद्द. चिरा रेझिनने भरलेल्या आहेत का हेही विचारा, उन्हात ते पिवळं पडतं.

उघड्यावर टिकेल का, याचं उत्तर: टिकेल, पण जसंच्या तसं राहणार नाही. आपल्याकडे चार महिने पाऊस, भिंतीवर सुद्धा शेवाळ चढतं. संगमरवराला आम्ल अजिबात सोसत नाही. रहदारीच्या धुराने त्यावर काळी पुटं धरतात, पावसाने वरचा थर हळूहळू साखरेसारखा रवाळ होतो. म्हणून छत्री हवीच, चार खांबांवरची साधी, पुढे पुरेशी निघालेली. छत्री करणार नसाल तर माझा सरळ सल्ला आहे, बेसाल्ट घ्या किंवा ब्राँझ करा. झाडाखालीही नको. चिकाचे आणि पाखरांच्या विष्ठेचे डाग दगडात मुरतात.

चौथरा काळ्या दगडाचा करा, जमिनीतली ओल वर चढणार नाही अशी सोय करून. साध्या सिमेंटवर संगमरवर थेट बसवू नका, त्यातले क्षार वर येऊन डाग पडतात. आणि आतल्या दांड्यांत लोखंड नको म्हणजे नको. अक्रोपोलिसवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत लोखंडी पट्ट्या वापरल्या. त्या गंजून फुगल्या आणि त्यांनीच संगमरवर फोडला. पुढच्या पिढीला त्या काढून टायटॅनियम घालावं लागलं. तुमच्यासाठी चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील पुरे. करारात तसं लिहून घ्या.

मशीनबद्दल. सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कोरीवकामाच्या मशीनला, माझा विरोध नाही. ठोकळ्यातला फालतू दगड काढायला ती उत्तम, कारागिराची फुप्फुसं आणि पाठ वाचते. पण फोटो पाठवून शिल्प मागवू नका. फोटोला पाठ नसते, ती कुणीतरी कॉम्प्युटरवर अंदाजाने भरतो. योग्य क्रम असा: आधी फूटभर उंचीचे दोन-तीन मातीचे नमुने, त्यातला एक पसंत केला की पूर्ण मापाचं मातीकाम, मग प्लॅस्टर, मग दगड. इटलीचा शिल्पकार कानोव्हा दोनशे वर्षांपूर्वी पूर्ण मापाच्या प्लॅस्टरवर खिळे ठोकून, त्या खुणांवरून सहायकांकडून दगड उतरवून घेत असे आणि शेवटचा हात स्वतः फिरवत असे. आज खिळ्यांच्या जागी स्कॅनर आलाय, एवढंच. मशीनने पाव-अर्धा इंच जादा दगड ठेवावा आणि तिथून पुढे छिन्नी. हे कोण करणार, त्याचं नाव करारात हवं. समितीतल्या सगळ्यांनी मत द्यायची वेळ मातीकाम झाल्यावरची. तिथे मान दोन बोटं वळवता येते. दगडात गेल्यावर कुणाचंही ऐकून काही बदलता येत नाही.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत पण नक्की घडणार आहे. कोल्हापुरात बाईची मूर्ती उभी राहिली की नवरात्रात तिला हळद-कुंकू लागतं, हार पडतो, कुणीतरी तेलाचा दिवा लावतं. लोकांच्या मनातला तो आदर आहे, त्याला नाही म्हणू नका. पण संगमरवर हे सगळं पिऊन घेतो. हळदीचा डाग सहजी निघत नाही, तेलाचा तर मुरतच जातो. काढायला म्हणून लिंबू, चिंच, ॲसिड लावलं की पृष्ठभाग खाल्ला जातो. म्हणून चौथऱ्यासमोर, हात सहज पोचेल अशी, काळ्या दगडाची रुंद पायरी करून घ्या आणि त्यावर एक उथळ वाटी कोरून घ्या. हळद-कुंकू, फुलं, दिवा सगळं तिथे. हार घालायचा असेल तर शेजारच्या अर्धवट दगडाला घाला. दसरा झाला की मऊ ब्रश आणि साध्या स्वच्छ पाण्याने धुवा, साबण नको, पावडर नको. पावसाळ्यानंतर एकदा छत्रीचं पाणी कुठे ओघळतंय ते बघा आणि पायाच्या सांध्याला हात लावून बघा. तिथे ओल दिसली की त्याच आठवड्यात काम काढा.

मातीचे छोटे नमुने तयार झाले की पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो पाठवा. बघून कळवतो.